जिथं हात सोडला

माझी मुलगी घाबरते. कशाला घाबरते म्हणून विचाराल तर यादी देता येणार नाही, कारण ती रोज वाढते. लिफ्ट, कुकरची शिट्टी, कुणाच्याही घरचं कुत्रं, शाळेची सहल, गच्ची. ही गोष्ट घडली तेव्हा ती आठ वर्षांची होती. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, मूल हळवं आहे, जबरदस्ती करू नका, रागावू नका. आता रागावू नका हे मला सांगायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची. माहेरी अजून म्हणतात, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. आणि खरं सांगते, तिची भीती दिसली की मला दया यायच्या आधी राग येतो. का येतो ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. मीच भित्री आहे म्हणून येतो. हिला काही होईल ही धास्ती मला सदाचीच, आणि वरून ही विचारणार, आई, काही होणार नाही ना?

अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधून झुलतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खातात, आणि तेवढे चार दिवस त्यांना कुणी काम सांगत नाही. माझं माहेर धरणगावजवळच्या खेड्यातलं. त्या वर्षी मी मुलीला घेऊन गेले, तर दारातला निंबच नाही! रस्ता रुंद झाला त्यात तो गेला. मी भावावर भडकले, जणू त्यानंच कुऱ्हाड चालवली होती. भाऊ माझ्याहून मोठा, पण स्वभावानं गार. तो हसून म्हणाला, "झोका नही ते नही. औंदा बठ्ठा वॉटर पार्कले जाऊत." वहिनीची दोन्ही पोरं अंगणात नाचायला लागली. माझी मुलगी मात्र माझ्या पदराआड गेली, ती रात्री झोपेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप सांगितली. पुढं भाऊ, मागं आम्ही बायका, पोरं आणि माय. माझी आई सत्तरीची, तिला आम्ही सगळे मायच म्हणतो. जळगाव मागं पडलं तशी हायवेवरची गरम हवा तोंडावर यायला लागली आणि मुलीचे प्रश्न सुरू झाले.

"पाणी किती खोल असतं?"

"गुडघ्याइतकं."

"मग लोक बुडतात कसे?"

वहिनी खुदकन हसली. मी नाही हसले.

"गर्दीत हात सुटला तर?" तिनं विचारलं.

"तर जिथं सुटला तिथंच उभं राहायचं. पाऊल हलवायचं नाही. मी तिथंच येईन."

"आणि कुणी बोलावलं तर?"

"प्रत्यक्ष देव आला तरी जायचं नाही."

"आणि तुला आठवलंच नाही, कुठं सुटला ते?"

"आठवेल गं बाई! किती डोकं खाशील?"

जिथं हात सुटला तिथंच थांबायचं, हे उत्तर काही मी शोधून काढलेलं नव्हतं. ते मायचं होतं. कापूस वेचायला ती गावातल्या बायकांबरोबर जायची तेव्हा मला बांधावर बाभळीखाली बसवायची. कमरेला ओटी बांधून ओळीला लागायची आणि जाता जाता सांगायची, "आठेच बठी ऱ्हाय. मी आठेच येसू." मग पाच-सहा पावलांत ती कपाशीत दिसेनाशी व्हायची. मी चार-पाच वर्षांची असेन. मोठ्या माणसाला ते शेत कमरेएवढं; मला ते जंगल होतं. पण ओळ संपली की ती तिथंच यायची, दर वेळी. मी हलले असते तर तिला आख्खं शिवार तुडवावं लागलं असतं, हे मलाही कळत होतं. आमच्याकडे शेतात वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा, हा नियम त्याला चालता येण्याआधी पाठ असतो.

पार्कचं फाटक दिसलं. आखाजीची सुट्टी, वरून ऊन असं की कावळा झाडावरून हलत नव्हता. अर्धा जिल्हा तिथं लोटला होता. फाटकात पिशव्या तपासत होते, खायचं आत न्यायला बंदी. मायनं सांजोऱ्यांचं पुडकं कमरेला खोचून वर पदर घेतला आणि काही झालं नाही अशा चेहऱ्यानं आत गेली. भाऊनं तिला पत्र्याच्या शेडखाली, खांबाजवळ, सगळ्या पिशव्यांसकट बसवलं. गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की बोलताना माणसाच्या कानात ओरडावं लागत होतं. मुलीनं माझा हात दोन्ही हातांनी धरला. नखं रुतली माझ्या मनगटात.

आत गेल्यावर पोहायचे कपडे भाड्यानं घ्यायची खिडकी होती. आम्ही कपडे बदलले, चपला आणि पर्स लॉकरमध्ये टाकल्या, रबराची किल्ली मी मनगटात अडकवली. लॉकरच्या बाहेर सिमेंटचा एक पेंग्विन उभा होता, कचरा टाकायला तोंड वासून. मुलगी त्याच्यापाशी आली, त्या तोंडाकडे बघून दचकली आणि थांबली.

"मी नाही येणार."

"का?"

"पाणी."

"अगं, पाणी तर आहे! वॉटर पार्कला पाणी नसणार तर काय भाकरी असणार?"

"मी आजीजवळ बसते."

वहिनी म्हणाली, "ताई, मी बसते ना तिच्यासंगं. तुम्ही जा पोरांना घेऊन, जरा मोकळ्या व्हा."

तिनं मायेनंच म्हटलं, पण मला ते झोंबलं. सगळ्यांची पोरं पाण्यात उड्या मारणार आणि माझी तेवढी म्हातारीच्या कुशीत. मी म्हटलं, "काही नको वहिनी, लाडावू नका तिला. तुम्ही व्हा पुढं, मी आणते." वहिनी पोरांना घेऊन पुढं गेली. मी मुलीला ओढलं. तिनं पाय रोवले. मागून लोक येत होते, धक्के लागत होते, एक बाई बोलली की वाट सोडा ना. मुलगी रडायला लागली, आवाज न करता, नुसतं तोंड उघडं. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

"सोड!" मी ओरडले. "सोड माझा हात! दोन मिनिटं मला सुखानं श्वास घेऊ दे!"

आणि मी हिसडा मारून हात सोडवला. चालायला लागले. मागं वळून बघितलं नाही, कारण मला पक्कं माहीत होतं की ती येणार. ती माझं शेपूट आहे. स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत मागं येणारी पोर. पाण्याची भीती मोठी खरी, पण माझ्यावाचून राहायची भीती त्याहून मोठी, असा माझा हिशेब होता.

लाटांच्या तलावात मी उतरले. भोंगा वाजला, लाटा आल्या, शेकडो माणसं एकदम किंचाळली. पाणी गार होतं. आणि मला बरं वाटलं. ते लिहायला नको वाटतं, पण वाटलं. कितीतरी महिन्यांनी माझा हात मोकळा होता. वहिनी भाऊसंगं ट्यूबच्या रांगेत होती; तिच्या पोरांबरोबर मी चार लाटा झेलल्या, पाच झेलल्या, हसलेसुद्धा. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मग मी काठाकडे वळून पाहिलं. ती तिथं रडत उभी असणार, आता उचलावी, असं मनात होतं.

काठावर ती नव्हती.

पाण्यात पाहिलं. काळी डोकी, नुसती काळी डोकी. भाड्याचे कपडे सगळ्यांचे एकच, निळे. प्रत्येक आठ वर्षांची मुलगी पाठमोरी माझीच. एकीचा खांदा धरून मी वळवला तर ती भलतीच निघाली आणि घाबरून रडायला लागली. ती माझ्या मागं आली असणार. आलीच असणार. मी इकडं लाटा झेलत होते आणि ती माझ्या मागं पाण्यात उतरली. माझे पाय तळाला लागेनात, खरं तर पाणी छातीपर्यंतही नव्हतं.

भाऊ ट्यूब घेऊन येत होता. माझं तोंड बघून त्यानं ट्यूब टाकली.

"काय व्हयनं?"

"पोर दिसत नाही."

"कोठे सुटना तिना हात?"

तो सरळ प्रश्न होता आणि सरळ उत्तर होतं. पण वहिनी काठावरून धावत येत होती, आणि मी तिला म्हणाले होते लाडावू नका. मी म्हणाले, "इथं. लाटेत सुटला."

बाई गं, ते तीन शब्द. आजही जेवताना मध्येच आठवतात आणि घास फिरतो. त्या वेळी मला तो खोटेपणा वाटलाही नाही. ती पाण्यातच आहे अशी माझी खात्री झाली होती, मग हात कुठं सुटला यानं काय फरक पडतो, असं काहीतरी मनात आलं. आणि खाली, अगदी तळाशी, लाज होती.

भाऊनं शिट्टीवाल्याला गाठलं. लाटा थांबल्या. शिट्ट्या वाजल्या, लोकांना बाहेर काढायला लागले. कुणी निघत होतं, कुणी काय झालं म्हणून उलट आत येत होतं. माइकवर सांगितलं गेलं, अमुक वयाची मुलगी, निळे कपडे, दोन वेण्या, कुठं असेल तिथून ऑफिसजवळ ये, आई वाट बघते आहे. त्या गाण्यांच्या कल्लोळात ते कुणाच्या कानावर पडलं असेल देव जाणे. मग गाणीही बंद झाली. ती बंद झाल्यावर जी शांतता पसरली तिनं माझे दात वाजायला लागले, त्या उन्हात.

मग भाऊनं आणि आणखी दहा-बारा पुरुषांनी हातात हात धरले. ओळखीचं त्यात कुणी नव्हतं. ते एका टोकाला पाण्यात उतरले आणि ओळीनं चालायला लागले, पाय जमिनीवर घासत, एक एक पाऊल. गावाकडे नदीत कुणी गेलं की असंच करतात. मी लहानपणी एकदा बघितलं आहे. पायाला काय लागतं ते बघत चालायचं असतं. माझा भाऊ, जो सकाळी पोरांबरोबर कलिंगडाच्या बिया थुंकण्याची शर्यत लावत होता, तो मान खाली घालून पाण्यात पायानं माझी मुलगी चाचपत होता. पाणी गढूळ झालेलं, तळ दिसत नव्हता. मधेच एक माणूस थांबला. सगळी ओळ थांबली. त्यानं बुडी मारून एक चप्पल काढली, कुणाची तरी, आणि काठावर टाकली.

आमच्या खानदेशाची देवी कानबाई, तिला म्हटलं, कानबाई माय, माझी पोर दे. मला काहीही कर. माझी जीभ झडू दे.

वहिनी मला धरून होती. म्हणाली, "मायजवळ गेली असेल, चला, बघू." मी पळाले. शेडखाली गर्दी होती, लोक उठून तलावाकडे धावत होते, पिशव्या लाथांनी उडत होत्या. त्या सगळ्यात खांबाजवळ माय बसली होती, सकाळी भाऊनं बसवली तशीच, पाय पोटाशी घेऊन. सावली सरकली होती, तिचा अर्धा चेहरा उन्हात होता. शेजारी दोन हातांवर पाण्याची टाकी. तिचे ओठ कोरडे पडलेले.

एकटीच होती.

"माय, पोरगी आली का इकडे?"

"नही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय व्हयनं?"

"हरवली. पाण्यात... माय, तू पाणी पण प्यायली नाहीस?"

"भाऊनी सांगं, आठे बठ. बठेल शे," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून तिनं विचारलं, "तू कोठे सोडी व्हती तिले?"

भाऊनं विचारलं होतं, हात कुठं सुटला. मायनं विचारलं, तू तिला कुठं सोडलंस. मी तिच्या पोटची, माझा हिसडा तिला मनगटापासून माहीत.

मी तिथंच, त्या गर्दीत, वहिनीच्या देखत बोलले. "माय, मी खोटं बोलले. पाण्यात नाही सुटला हात. लॉकरपाशी मीच सोडला. मीच झटकला. मी रागानं निघून आले, वहिनी, मी मागं बघितलंसुद्धा नाही."

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. मायनं हातानं जा म्हटलं.

वहिनी तलावाकडे पळाली, भाऊला सांगायला. मी लॉकरकडे. उलट्या दिशेनं लोक येत होते, सगळे काय झालं ते बघायला निघालेले, आणि मी त्यांना ढकलत, शिव्या खात, शिव्या देत जात होते. मनात एकच होतं. एक तास होत आला. एक तास घाबरट पोर कशी थांबेल? कुणी हात धरून नेली असेल तर? फाटकाबाहेर हायवे आहे. मी इतका वेळ सगळ्यांना चुकीच्या जागी उभं केलं होतं, आणि तो वेळ आता कुणाच्या बापाला परत आणता येणार नव्हता.

खिडकीपाशी भिंतीला टेकून माणसं होती. पेंग्विन दिसला. त्याच्यापाशी बुरख्यातली एक बाई पाठमोरी उभी होती, आपली ओढणी दोन्ही हातांनी छत्रीसारखी वर धरून.

ओढणीखाली माझी मुलगी होती.

ज्या फरशीवर मी हात झटकला होता त्याच फरशीवर. आम्ही गेलो तेव्हा तिथं सावली होती, आता रणरणतं ऊन होतं. ती अनवाणी. चपला माझ्या लॉकरमध्ये, किल्ली माझ्या मनगटात. पायाखाली त्या बाईनं आपला ओला टॉवेल घातला होता, आणि त्यावर ती एक पाय उचलून, मग दुसरा उचलून उभी होती. ज्या पेंग्विनच्या तोंडाला ती सकाळी घाबरली होती, त्याच्या पंखाला तिनं एका हातानं घट्ट धरलं होतं.

ती बाई माझ्यावर कडाडली. "कब से खडी है बच्ची! छाँव में आ बोली तो आती नई, ऑफिस में चल बोली तो आती नई. बोलती है अम्मी यहीं आएगी. मेरे बच्चे उधर भूखे बैठे हैं, पर इसको छोड के जाऊँ कैसे?"

मी खाली बसले आणि मुलीला धरलं. ती लाकडासारखी ताठ होती. तिचं अंग तापलेलं. तिनं मला मिठी मारली नाही. आधी माझा चेहरा नीट बघितला, राग गेला आहे की नाही ते.

"माइकवर बोलवत होते," ती म्हणाली, "पण तू म्हणालीस देव आला तरी जायचं नाही."

"हो गं बाळा. हो."

"तू रागावून गेलीस तर पण थांबायचं का, ते तू सांगितलं नव्हतंस. मग मी थांबले."

आता तिनं माझ्या गळ्यात हात घातले आणि आवाज काढून रडली. मीही रडले. मी त्या बाईचे पाय धरायला गेले तर ती मागं सरकली, "अरे ताई, ये क्या करते," आणि तीही ओढणीनं डोळे पुसायला लागली. मग आपला टॉवेलही न घेता पोरांकडे पळाली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

मुलीला उचलून मी शेडखाली आणलं. आठ वर्षांची पोर, जड झाली होती, पण खाली ठेवायची माझी हिंमत नव्हती. मायनं तिचे पाय मांडीवर घेतले. तळव्यांना फोड आले होते, पाण्यानं भरलेले. माय पदर ओला करून ठेवत होती, पुन्हा ओला करत होती. मग कमरेचं पुडकं काढून तिनं चुरा झालेली सांजोरी तिच्या हातावर ठेवली.

भाऊ आला. अंगावरून पाणी निथळत होतं. त्यानं भाचीला बघितलं आणि जागीच मटकन खाली बसला. पाण्यात उतरलेल्या दोघं-तिघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. तो मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. त्यावरून तो मला अजून कधी बोललेला नाही.

मुलगी सांजोरी हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"मामा का रडतो?"

"तो तुला शोधत होता."

"कुठं?"

"तलावात," मी म्हणाले. "पाण्यात."

तिच्या कपाळाला आठी पडली. तिला कुठलीही तक्रार करायची नव्हती. तिला तो प्रश्न खरोखरच पडला होता, आणि तिच्या सगळ्या प्रश्नांसारखा तो तिनं मलाच विचारला.

"पण आई, मी पाण्यात कशी जाईन? मला तर पाण्याची भीती वाटते ना?"